एका संध्याकाळचा संघ

बेसबॉलमध्ये ज्याची सरासरी ०.३००, तो उत्तम फलंदाज. दहादा उभा राहिला तर तीनदा हिट मारून बेसवर पोचणारा. ०.२५० वाला मध्यम. ऐकायला हा फरक मोठा वाटतो, पण हिशेब करून बघावा. वीस प्रयत्नांत पहिल्याच्या सहा हिट, दुसऱ्याच्या पाच. एका सामन्यात असे साधारण चार प्रयत्न मिळतात, म्हणजे पाच दिवस रोज सामना बघितला तर त्या पाच दिवसांत मिळून एका हिटचा फरक. आणखी एक हिशेब: चार प्रयत्नांत एकही हिट न मिळण्याची शक्यता उत्तम फलंदाजाच्या बाबतीत २४ टक्के, मध्यम फलंदाजाच्या बाबतीत ३२ टक्के. चारातल्या एका संध्याकाळी चांगल्यातला चांगला फलंदाजही रिकाम्या हातानं डगआउटमध्ये येऊन बसतो. हंगाम १६२ सामन्यांचा आहे ते बरंच आहे. कोण किती पाण्यात आहे हे दिसायला या खेळात उन्हाळा सरावा लागतो.

मी संघ निवडते तो मात्र एका संध्याकाळपुरता.

ज्यांनी भारतात मोबाइलवर क्रिकेटची टीम लावली आहे, त्यांना डेली फँटसी म्हणजे काय ते सांगायला नको. इथे अमेरिकेत त्या रात्री जेवढे सामने असतील, त्या सगळ्या संघांमधून आपले खेळाडू उचलायचे. ड्राफ्टकिंग्ज या कंपनीच्या नेहमीच्या स्पर्धेत दहा जण लागतात: दोन पिचर, एक कॅचर, तीन बेसवरचे तिघे, एक शॉर्टस्टॉप आणि तीन आउटफिल्डर. प्रत्येकाला किंमत लावलेली असते आणि आपल्याकडे खर्चायला ५०,००० काल्पनिक डॉलर. मैदानावर ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. साध्या हिटचे तीन, डबलचे पाच, होमरनचे दहा. धाव काढली तर दोन, दुसऱ्याची धाव घडवून आणली तरी दोन. त्यामुळे बेस रिकामे असताना मारलेला होमरनसुद्धा चौदा गुण देऊन जातो. रात्र संपली की संघ मोडला. उद्या पुन्हा नवे सामने, नव्या किमती.

फँटसी बेसबॉलचं मूळ रूप असं नव्हतं. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या संपादकानं न्यूयॉर्कच्या मित्रांना जमवून जी लीग काढली, तिला ते ज्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जेवायला भेटत त्यावरून ‘रोटिसरी’ हे नाव पडलं. तिथं वसंतात खेळाडूंचा लिलाव व्हायचा आणि घेतलेल्या माणसाबरोबर अख्खा हंगाम काढायचा. त्याचा खांदा दुखावला तर ती आपली अडचण, तो जुलैत सूर धरेपर्यंत धीरही आपणच धरायचा. त्यात एक सहवास होता. रोजच्या खेळात तो नाही, आणि पुष्कळ जुन्या रसिकांना हा रोजचा खेळ याच कारणासाठी उथळ वाटतो. मला तसं वाटत नाही. सहवासात माणूस कळतो हे खरंच, पण एका दिवसासाठी निवड करताना माणसाच्या भोवतालची परिस्थिती जितक्या बारकाईनं बघावी लागते, तितकी सहवासात कुणी बघत नाही.

हे सगळं सुरू होतं किमतीपासून. पन्नास हजार भागिले दहा, म्हणजे डोई पाच हजार. पण नावाजलेला पिचर एकटा दहा हजार खातो. त्याच्या जोडीला आठ हजारांचा दुसरा घेतला की आठ फलंदाजांसाठी उरले बत्तीस हजार, प्रत्येकी चार. ॲरन जजसारखा माणूस सहा हजारांच्या वर असतो. तो हवा असेल तर कुठंतरी अडीच हजारांचा कुणीतरी घ्यावाच लागतो. खरं कसब इथं लागतं. जज चांगला आहे हे जगाला माहीत आहे, त्याला निवडण्यात कसली पारख? पारख त्या अडीच हजारवाल्याची. तो कोण आहे, आज का खेळतोय, कितव्या क्रमांकावर येणार आहे, समोरचा पिचर डावखुरा की उजवा, हे सगळं त्याच्या बाबतीत शोधावं लागतं. काल ट्रिपल-ए या खालच्या लीगमधून वर बोलावलेला मुलगा असतो. तीन क्लब फिरून आलेला चौतिशीतला गडी असतो, ज्याला फक्त डावखुऱ्या पिचरसमोर उभं करतात. नुसते सामने बघत बसले असते तर यांची नावं माझ्या कानावरून गेली असती. आज मला त्यांच्या खेळाची रीत ठाऊक आहे, कारण माझ्याकडे पैसे कमी होते.

संध्याकाळच्या सामन्यांच्या याद्या आमच्या शिकागोच्या वेळेनं दुपारी दोन-तीनपासून यायला लागतात. मॅनेजरनं लिहिलेला नऊ जणांचा क्रम. फँटसी खेळणाऱ्याला यापरतं मोलाचं दुसरं काही नाही, कारण त्या क्रमात खात्रीची अशी एक गोष्ट दडलेली असते: कुणाची पाळी किती वेळा येणार. पहिल्या क्रमांकावर येणाऱ्याला नवव्यापेक्षा हंगामभरात शंभराहून जास्त पाळ्या अधिक मिळतात, आणि एका रात्रीत हाच फरक चौथ्या किंवा पाचव्या पाळीच्या रूपानं समोर येतो. कालपर्यंत सातवा येणारा फलंदाज आज दुसरा आला आणि त्याची किंमत मात्र कालचीच राहिली, तर तो घ्यायचा. तो हिट मारेल का, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याला एक जास्तीची पाळी मिळायचा संभव वाढला, एवढं सांगता येतं. पाहुण्या संघाचंही तेच. यजमान आघाडीवर असले तर नवव्या डावाचा उत्तरार्ध खेळलाच जात नाही, म्हणून यजमान फलंदाजांची एखादी पाळी बुडते. पाहुण्यांचे नऊ डाव पुरे होणारच, पाऊस आडवा आला नाही तर.

उजव्या-डाव्या हाताची गोष्ट क्रिकेटवाल्यांना लगेच पटते. उजव्या हातानं टाकलेला वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर पळतो, डावखुऱ्याच्या मात्र बॅटकडे येतो. डावखुऱ्याला तो हातातून सुटताना दिसतोही जास्त वेळ. म्हणून मॅनेजर समोरच्या पिचरचा हात बघून फलंदाज फिरवतात. त्या दिवशी ज्यांना संधी मिळते त्यांची किंमत बहुधा कमीच असते, कारण ते रोजचे नसतात.

आणि मग वारा. तो मला आकड्यांच्या आधी दिसतो. रेड लाइन या इथल्या रेल्वेमार्गाच्या ॲडिसन स्टेशनवर गाडी वरून जाते, आणि फलाटावरून कब्स या शिकागोच्या संघाचं रिग्ली फील्ड मैदान हाकेच्या अंतरावर असतं. १९१४ साली बांधलेलं, आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवर आयव्हीच्या वेली चढलेल्या, गुण अजून हातानं लावायचा हिरवा फलक. त्या फलकाच्या डोक्यावर झेंडे आहेत. कामावरून येताना मी फलाटाच्या टोकाला जाते ती त्यांच्यासाठी. झेंडे मैदानाच्या आतल्या बाजूला, होम प्लेटच्या दिशेनं फडकत असतील तर वारा मिशिगन सरोवरावरून येतोय. गार, जड वारा. भिंतीपलीकडे जाणारा फटका तो अलगद उचलून आउटफिल्डरच्या हातात आणून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये असे पुष्कळ दिवस असतात, आणि त्या दिवशी दोन्ही पिचर आपले. झेंडे उलटे, रस्त्याच्या बाजूला ताणलेले दिसले की समजावं, नैऋत्येचा उबदार वारा सुटलाय. मग फलंदाज घ्यावेत, आणि या मैदानावरचे पिचर स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

१७ मे १९७९ ला असाच बाहेर जाणारा वारा होता. फिलाडेल्फियानं पहिल्या डावात सात धावा काढल्या, कब्सनी लगेच सहा. दहा डावांनंतर सामना संपला तो २३-२२ असा, फिलाडेल्फियाच्या बाजूनं. पन्नास हिट, अकरा होमरन. त्यातले तीन एकट्या डेव्ह किंगमनचे, तरी त्याचा संघ हरला. विजयी फटका माइक श्मिटचा. एकाच मैदानावर, त्याच फलंदाजांनी, झेंडे उलटे असते तर काय केलं असतं? या प्रश्नाला उत्तर नाही, पण माझ्यासारखी माणसं रोज दुपारी हाच प्रश्न थोड्या लहान प्रमाणात सोडवत असतात.

डेन्व्हरचं कूर्स फील्ड तर सगळ्यांनाच ठाऊक. समुद्रसपाटीपासून ५,२०० फूट उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू वळतही कमी. २००२ पासून तिथं चेंडू दमट कपाटात ठेवतात, त्यानं फरक पडला, पण मैदान फलंदाजांचंच राहिलं. अडचण अशी की तिथल्या फलंदाजांवर सगळे तुटून पडतात आणि किमतीही चढ्या लावलेल्या असतात. हजारो लोकांनी निवडलेला खेळाडू चालला तर आपण पुढे जात नाही, फक्त मागे पडत नाही. मोठ्या स्पर्धेत जिथं बक्षीस वरच्या थोड्यांनाच, तिथं इतर काय निवडतील याचाही अंदाज घ्यावा लागतो. तो भाग मला आवडत नाही. तिथं बेसबॉल संपतं आणि गर्दीचा अभ्यास सुरू होतो.

त्यापेक्षा एकाच संघाचे पाठोपाठचे फलंदाज घेण्याची युक्ती कितीतरी सुंदर आहे. वरवर पाहता ती धोक्याची, कारण त्या रात्री तो संघ गप्प राहिला तर आपले चार-पाच जण एकदमच गप्प. पण धाव बनते कशी ते बघा. दुसऱ्या क्रमांकाचा वॉकवर बेसवर जातो, तिसरा डबल मारतो, पहिल्या बेसवरून निघालेला घरी पोचतो. एका फटक्यावर दोघांना गुण, धाव काढणाऱ्याला आणि काढून देणाऱ्याला. शिवाय डाव लांबला की पाळ्या वाढतात, पाचव्यापर्यंत येतात, सहाव्यापर्यंत येतात. फलंदाजी हे एकट्यानं करायचं काम वाटतं, बॅट हातात घेऊन उभा असतो तो एकटाच असतो, पण त्याची धाव त्याच्या मागच्या माणसाच्या हातात असते. सामने बघत होते तेव्हा हे मला कळत होतं. संघ निवडायला लागल्यावर ते दिसायला लागलं.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, दर उन्हाळ्यात दोन-तीन महिने आमच्याकडे येतात. मुंबईत ते कांगा लीगमधल्या एका क्लबाच्या निवडीत पुष्कळ वर्षं होते. कांगा लीग १९४८ साली सुरू झाली आणि मुद्दाम पावसाळ्यात खेळली जाते, उघड्या, भिजलेल्या विकेटवर. तिथं संघ निवडणं म्हणजे त्या सकाळची विकेट बघून निवडणं. नाना सांगतात, अंगठा दाबून बघायचा, माती किती आत जाते. ऐन हंगामात धावांचे ढीग घालणारा फलंदाज त्या विकेटवर बसवावा लागतो, आणि ज्याला कोरड्या मैदानावर कुणी चेंडू देणार नाही असा मध्यमगती गोलंदाज सहा बळी घेऊन जातो. त्यामुळे मी दुपारी लॅपटॉप उघडून बसले की ते शेजारी खुर्ची ओढतात. बेसबॉलचे नियम त्यांनी माझ्याकडून शिकून घेतले, निवडीचं मी त्यांच्याकडून.

“अगं, पण हा फॉर्मात नाही. मागच्या आठवड्यात काहीच नाही केलेलं यानं,” एकदा त्यांनी एका नावावर बोट ठेवलं.

“नाना, तुम्ही विकेट बघायचात की कालचा स्कोअर?”

“दोन्ही बघायचो. पण विकेट आधी.”

मग मी त्यांना स्कूटर जेनेटची गोष्ट सांगितली. जन्म सिनसिनाटीचा. २०१७ च्या मार्चमध्ये मिलवॉकीनं त्याला सोडून दिलं आणि त्याच्या जन्मगावच्या रेड्स संघानं उचललं. ६ जूनच्या संध्याकाळी सेंट लुईसविरुद्ध तो खेळायला आला तेव्हा त्याच्या आधीच्या १९ प्रयत्नांत एकही हिट नव्हती. त्या रात्री त्यानं पाच प्रयत्नांत पाच हिट मारल्या. एक साधी आणि चार होमरन. दहा धावा घडवून आणल्या. एका सामन्यात चार होमरन मारणारा तो मेजर लीगच्या इतिहासातला सतरावा. आजच्या गुणपद्धतीनं मोजलं तर एकट्याचे सत्तरच्या वर होतात. एवढे गुण पुष्कळदा चार बऱ्या फलंदाजांचे मिळूनही होत नाहीत.

या रात्रीचं मला जे महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. जेनेटला निवडायला त्या दुपारी कारणं होती. तो डावखुरा, समोर उजव्या हाताचा ॲडम वेनराइट, मैदान ओहायो नदीकाठचं, जिथं चेंडू सहज बाहेर जातो. त्याच्यासारख्या फलंदाजासाठी परिस्थिती अनुकूल होती. ती कारणं बघून कुणी त्याला घेतलं असेल तर त्यानं बरोबरच केलं. आणि चारऐवजी एकही होमरन न होता तो विसाव्या प्रयत्नातही बाद झाला असता, तरी ती निवड बरोबरच ठरली असती. निवडीचा खरेखोटेपणा दुपारी तीनला ठरतो, रात्री दहाला नाही. हे मानायला मन तयार होत नाही, कारण गुण रात्री दहाला दिसतात. पण जो हे मानत नाही, तो दुसऱ्या दिवशी जेनेटलाच पुन्हा घेतो, समोर डावखुरा पिचर असला तरी.

नानांनी हे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे हा जुगार नाही म्हणतेस?”

प्रश्न रास्त होता. आमच्या इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये असा निर्णय दिला की दोघांमध्ये समोरासमोर होणाऱ्या डेली फँटसीच्या स्पर्धेत कौशल्याचा वाटा नशिबापेक्षा मोठा आहे, म्हणून तो जुगार नव्हे. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि फँटसी क्रिकेटच्या पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या. दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली. माझं मत सांगायचं तर हंगामभराच्या हिशेबात कौशल्य आहे, एका रात्रीच्या हिशेबात ते दिसत नाही, आणि याच फटीत माणसांचा पैसा जातो. २०१५ च्या हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात डेली फँटसी बेसबॉलमधला ९१ टक्के नफा फक्त १.३ टक्के खेळणाऱ्यांनी नेला, असं मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या पाहणीत निघालं होतं. हे १.३ टक्के लोक संगणकावर गणितं मांडून एकाच स्पर्धेत पुष्कळ संघ उतरवतात. संध्याकाळी दमून घरी आलेला, आपल्या आवडत्या संघाचे चार जण घेणारा माणूस त्यांच्यासमोर पैसे ठेवतो. कौशल्याचा खेळ असणं हीच त्याच्यासाठी धोक्याची गोष्ट आहे, कारण जुगारात निदान दोघांचं नशीब सारखं असतं. म्हणून मी फुकटच्या स्पर्धांत खेळते. पैसे लावलेच तर ते मित्रमंडळींतल्या लहानशा स्पर्धेत. कुणी विचारलं तर त्यालाही हेच सांगते, आणि तरुण मुलांना जरा जास्तच आग्रहानं सांगते. निवडण्याचा आनंद पूर्णच्या पूर्ण फुकटात मिळतो.

आणि तो आनंद मला सर्वांत जास्त मिळतो रविवारी, कॅचरपाशी.

कॅचर नऊ डाव उकिडवा बसतो. दीडशेच्या आसपास चेंडू झेलतो, काही अंगावर घेतो, प्रत्येक चेंडूआधी कुठला चेंडू टाकायचा ते पिचरला सुचवतो. शनिवारी रात्री सामना आणि रविवारी दुपारी सामना असेल तर बहुतेक मॅनेजर त्याला विश्रांती देतात आणि राखीव कॅचरला खेळवतात. हा राखीव माणूस आठवड्यात एखाद-दुसऱ्या दिवशी मैदानात दिसतो. त्याची किंमत सगळ्यात तळाला, क्रम आठवा नाहीतर नववा. कॅचरच्या जागेवर बचत करायची म्हणून बहुतेकजण असाच एखादा उचलतात आणि विसरून जातात. मला मात्र त्या यादीवर रेंगाळायला आवडतं. यातले पुष्कळसे संघात टिकून आहेत ते बॅटमुळे नव्हे. तरुण पिचरला शांत कसं ठेवावं हे त्यांना कळतं म्हणून, स्ट्राइकच्या कडेवरचा चेंडू हात न हलवता झेलतात म्हणून. त्याचे गुण फँटसीत नाहीत. पण त्याचा परिणाम आपण घेतलेल्या पिचरच्या गुणांत दिसतो, म्हणून पिचर घेताना आज त्याच्यासमोर बसणार कोण, हेही मी बघते.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी दोघे राखीव कॅचर सारख्याच किमतीला होते. एक रिग्लीवर, आठव्या क्रमांकावर, उजव्या हाताचा, समोर डावखुरा पिचर. दुसरा पाहुण्या संघाकडून दुसऱ्या मैदानावर, सहाव्या क्रमांकावर, पण हात चुकीचा. मी दुसऱ्याकडे झुकले होते. दोन क्रमांक वर, शिवाय पाहुणा, म्हणजे नवव्या डावाची खात्री.

“झेंडे कुठल्या बाजूला आहेत?” नानांनी विचारलं.

सकाळी आम्ही दोघं बाजारात जाऊन आलो होतो. ॲडिसनवरून गाडी गेली तेव्हा ते खिडकीपाशीच बसले होते, म्हणजे उत्तर त्यांना माहीत होतं.

“बाहेरच्या,” मी म्हणाले.

“मग आठव्याला घे. हात बरोबर, वारा बरोबर. एक पाळी कमी मिळाली तर मिळू दे.”

मी पाळ्यांचा मुद्दा पुन्हा मांडला. त्यांनी ओल्या विकेटवर आठव्या क्रमांकाच्या एका फलंदाजानं सामना कसा काढला होता ते सांगितलं. मी म्हणाले, एका सामन्यावरून ठरवायचं नाही, हे आत्ताच आपलं बोलणं झालं. ते म्हणाले, मी त्या सामन्यावरून ठरवत नाही, वाऱ्यावरून ठरवतोय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि सामने सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. मी रिग्लीवाल्याला घेतलं. कॅचरवर वाचलेल्या पैशांत तिसऱ्या बेसवर एक पायरी वरचा फलंदाज बसत होता. त्याचं नाव टाकण्याआधी नाना त्याच्या समोरच्या पिचरची माहिती वाचायला लागले.